बादलीची गोष्ट

आण्णांचा आणि माझा फोन गेली कित्येक वर्षं दीड मिनिटाचा होता.
"जेवलीस का?"
"हो. तुम्ही?"
"झालं."
"पाऊस?"
"कुठला पाऊस."
"बरं, ठेवते."
भांडण नाही, अबोला नाही. बोलायलाच काही नसायचं.

मग मी प्रश्न विचारायला लागले. "आण्णा, तुमच्या लहानपणीचं सांगा ना काहीतरी." उत्तर ठरलेलं, "काय सांगायचं, होतं आपलं." खल्लास. 'सांगा' म्हणून बसवलं की माणूस साक्षीला उभा केल्यासारखा आवरून बोलतो. निदान आमच्या पाथर्डीकडची माणसं तरी.

एप्रिलमध्ये इथं पुण्यात आमच्या सोसायटीत तीन दिवस पाणी नव्हतं. टँकर आला तेव्हा मी ऑफिसच्या कपड्यांत बादली घेऊन रांगेत. लिफ्ट बंद. तिसऱ्या मजल्यावर पाय घसरला आणि अर्धी बादली शेजाऱ्यांच्या चपलांवर. रात्री आण्णांना हे सांगितलं. सल्ला नको होता, नुसतं रडगाणं. पलीकडे आधी हसू आलं. मग म्हणाले, "आमच्या आईची घागर अशीच फुटली होती. बहात्तरला."

1972 चा दुष्काळ घरात तोवर फक्त दटावण्यापुरता होता. ताटात टाकलं की 'बहात्तर बघितला असता म्हणजे कळलं असतं.' त्या रात्री पहिल्यांदा तो दिसला. आजी पाझर तलावाच्या कामावर, अकरा वर्षांचे आण्णा तिच्या शेजारी खडी फोडायला. रेशनला अमेरिकेतून आलेला लाल मिलो, म्हणजे तिकडची लाल ज्वारी, त्याची भाकरी घशाखाली उतरायची नाही. कामावर सुकडी, म्हणजे गोड कोरडा खाऊ, वाटायचे. आण्णा त्यातली मूठभर टोपीत लपवून धाकट्या बहिणीला आणायचे. ऊन आणि घामानं तिचा लगदा व्हायचा, आणि आत्या तो टोपीतूनच चाटून खायची. या आत्याला मी जन्मभर 'गोडाला हात न लावणारी' म्हणून ओळखते!

माझं मत तेव्हापासून पक्कं आहे. समोरच्याला बोलतं करायचं तर आधी आपली एखादी फजिती पुढे करावी. पराक्रम नको, त्यावर लोक 'छान' म्हणून गप्प होतात.

पण यात एक खोट आहे, आणि ती मी स्वतः केलीय. एक मैत्रीण सांगत होती की तिची आई आता नावं विसरायला लागलीय. मी लगेच, "अगं, आमच्या सासूबाईंचं पण..." आणि दहा मिनिटं सासूबाई. ती 'हं, हं' करत राहिली. तिच्या आईकडे आम्ही परत आलोच नाही. आपली गोष्ट दार उघडण्यापुरती. नंतर पोवाड्यातल्या झीलकऱ्यासारखं मागे उभं राहून 'जी जी रं जी' धरायचं. शाहिराला दम घ्यायला तेवढंच लागतं.

परवा आण्णांनी आपणहून फोन केला. मला वाटलं घागरीचा पुढचा भाग, म्हणून कान टवकारून बसले.

"ते राहू दे," म्हणाले, "ज्यांच्या चपला भिजवल्यास ते काय म्हणाले, ते सांगितलंच नाहीस तू."

काहीच म्हणाले नव्हते हो ते. मी चपला पुसून ठेवून गुपचूप पळाले होते.

ते सांगायला वीस मिनिटं लागली.