डाळीचं पीठ भजीला ठेवा

गेल्या आठवड्यात वेंगुर्ल्याला भाचीचं बाळ बघून आले. साडेचार महिन्यांचं. गाल लालबुंद, नडग्यांवर इसबाचे खरखरीत चट्टे, दुपट्यावर खाजवल्याचे रक्ताचे ठिपके. तिची आजेसासू भाजलेल्या काजूची सालं काढत बसली होती. हात पदराला पुसले आणि तशीच डाळीचं पीठ नि साय घेऊन बाळाला चोळायला बसली. वर मला ताकीद, "तेका अंडा दिव नको, अंगार उठतला!"

म्हणजे खायचं ते अंगावर आणि पोटाला बंदी. माझ्या मते नेमकं उलट हवं.

इसब झालेली कातडी म्हणजे पावसाळ्याआधी न परतलेली कौलं. कुठूनही गळणार. काही बाळांत कातडी घट्ट ठेवणारं फिलॅग्रिन नावाचं प्रथिन जन्मतःच कमी असतं. त्या फटींतून अन्नाचा कण शिरला की शरीर त्याला चोर समजू शकतं. तोच पदार्थ तोंडावाटे वेळेत गेला, तर बहुधा पाहुणा म्हणून स्वीकारतं. लंडनच्या डॉ. गिडिअन लॅक यांनी हे मांडलं आणि नुसतं मांडून थांबले नाहीत. तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं घेतली. निम्म्यांना नियमित शेंगदाण्याचे पदार्थ, निम्म्यांना अजिबात नाही. २०१५ साली निकाल आला. सुरुवातीला कातडीवर शेंगदाण्याचा अर्क टोचून पाहिल्यावर गांधी न उठलेल्या मुलांपैकी, न खाणाऱ्या शंभरात सुमारे १४ जणांना पाचव्या वर्षी शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी होती. खाणाऱ्यांत जेमतेम दोघांना.

"आमची पोरां अशीच वाढली" हे खरंच आहे. इसब झालेल्या प्रत्येक बाळाला अ‍ॅलर्जी होत नाही. पण इसब जितकं लवकर आणि जितकं जोरात, तितका धोका जास्त. म्हणून अशा बाळाला अंडं-शेंगदाणा घरच्या घरी चाखवून बघू नका, आधी डॉक्टरांना विचारा. आणि अख्खा दाणा तर कुठल्याच तान्ह्याला नको, घशात अडकतो.

मला वाटायचं, जन्मापासून रोज क्रीम चोपडलं की इसबच होणार नाही. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीने तेही खोटं पाडलं. झालेल्या इसबावर मात्र उपचार हवेतच. स्टेरॉइडचं मलम म्हटलं की घरात सगळे दचकतात, पण डॉक्टरांनी सांगितलं तितकंच, तितके दिवस लावायला काय हरकत?

काल भाचीचा फोन आला. मलम सुरू झालंय, गाल उतरलेत, अंड्याचं सोमवारी विचारणार आहेत. आजी माझ्याशी बोलत नाहीत.