जावयाची ओवी

मुलगी बघायला आलेल्या मुलाला लोक घर विचारतात, पगार विचारतात, फार तर डोक्यावर कर्ज किती ते विचारतात. नगरला माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी विचारलं, "लिहिता का काही?" मी पुण्यात एका कंपनीचे हिशेब सांभाळतो. म्हटलं, "लिहितो ना. खतावणी." ते हसले नाहीत. आतल्या खोलीकडे तोंड करून एवढंच म्हणाले, "जमेल हळूहळू." चहापोहे आले, सुपारी फुटली, आणि नाताळ येईपर्यंत त्या वाक्याचा अर्थ मला कुणी सांगितला नाही.

मी मूळचा सोलापूरचा. मिशन दोन्हीकडे एकच, अमेरिकन मराठी मिशन. पण आमच्याकडे नाताळ म्हणजे सकाळी उपासना, दुपारी मटण आणि मग संध्याकाळपर्यंत झोप. त्यात कुठेही यमक नव्हतं. सासरी मात्र नाताळच्या आधी, नोव्हेंबरातल्या शेवटच्या रविवारी, स्टीलच्या डब्यात सगळ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या पडतात. ज्याचं नाव निघेल त्याच्यावर ओवी किंवा अभंग रचायचा, त्याच्यासाठी शंभर रुपयांच्या आतली भेटवस्तू घ्यायची आणि २५ तारखेला सगळ्यांसमोर उभं राहून वाचायचं. नाव घ्यायचं नाही, लोकांनी ओळखायचं. आणि शेवटचा माणूस वाचून होईपर्यंत फराळाचे डबे उघडायचे नाहीत. हे शेवटचं कलम आजेसासऱ्यांनी घातलं. ते मिशनच्या शाळेत मराठी शिकवायचे. मुलांना उपाशी ठेवल्याशिवाय छंद येत नाही, असं त्यांचं मत असावं.

सासऱ्यांना, म्हणजे दादांना, यात काही जगावेगळं आहे असं वाटत नाही. त्यांचं म्हणणं, हे नगर आहे. इथे कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक राहिले. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात ज्याला 'बालकवी' म्हणायला लागले तो ठोंबऱ्यांचा मुलगा पुढे इथेच टिळकांच्या घरी राहिला. टिळकांच्या पत्नी, लग्नानंतर कशीबशी अक्षरं गिरवणाऱ्या लक्ष्मीबाई, इथे कवयित्री झाल्या. "कविता इथल्या हवेत आहे," दादा सांगतात. मी नगरच्या हवेत पुष्कळदा श्वास घेतला आहे. तिच्यात धूळ आहे, डिझेल आहे आणि लष्कराच्या रणगाड्यांनी उडवलेलं आणखी बरंच काही आहे. कविता अजून छातीपर्यंत उतरलेली नाही.

पहिल्या वर्षी मी जरा कुरकूर केली तेव्हा दादांनी ख्रिस्तपुराण काढलं. "फादर स्टीफन्स. इंग्लंडात जन्मले. १५७९ साली गोव्यात उतरले. १६१६ साली त्यांचं पुराण छापून झालं. जवळजवळ अकरा हजार ओव्या. मराठीत!" मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "तुम्ही तर सोलापूरहून आलात."

याला उत्तर नाही.

तर ओवी. ओवीचे चार चरण. पहिल्या तिघांना यमक, चौथा आखूड आणि मोकळा. वाचायला किती सोपं वाटतं! तीन यमकं माणूस कुठूनही गोळा करतो. शब्दांचे शेवट जुळवणं आणि बेरजा जुळवणं यात मला फारसा फरक वाटत नाही. पण तो चौथा चरण! त्याला यमक लागत नाही, लांबी लागत नाही, त्याला फक्त अर्थ लागतो. नेमकी तिथेच आमच्या घरातली निम्मी माणसं कोसळतात. पंगतीत तीन जणांना वाढून चौथ्याच्या ताटाशी पातेलं रिकामं व्हावं तसं होतं. अभंगाची तऱ्हा निराळी. तिथे सहा, सहा, सहा, चार अशी अक्षरं मोजायची आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचं यमक साधायचं. जोडाक्षर एकच धरायचं. दादा बोटांवर मोजतात. समोरचा वाचत असतो आणि दादांचा अंगठा एकेका पेरावरून सरकत असतो. अंगठा मधेच थांबला की वाचणाऱ्याच्या घशाला कोरड पडते.

मुक्तछंदाला सक्त मनाई आहे. मेहुण्याच्या मुलाने एका वर्षी मोठ्या हौसेने मुक्तछंद आणला होता. आजी, तू, खिडकी, ऊन, पुन्हा तू, असा काहीसा. दादांनी कागद हातात घेतला, उलटा करून पाहिला आणि म्हणाले, "हे गद्य आहे. मधे मधे एंटर दाबलंय." पुढच्या वर्षी पोरगं शहाणं झालं. त्याने मोबाइलातल्या कुठल्याशा यंत्राला सांगून रचना करून घेतली. यमकं बिनचूक, अक्षरं मोजून मापून. फक्त तिच्यात नगरच्या अंगणात बर्फ पडत होता आणि देवदाराच्या फांद्या वाकल्या होत्या. दादा खिडकीपाशी गेले, बाहेरच्या शेवग्याकडे बराच वेळ पाहिलं, आणि काही न बोलता खुर्चीत येऊन बसले. त्या पोराला त्या दिवशी चकली सगळ्यात शेवटी मिळाली.

या वर्षी माझ्या चिठ्ठीत आत्या निघाल्या. दादांच्या धाकट्या बहिणी. दवाखान्यात परिचारिका म्हणून उभी हयात काढलेल्या. घरातल्या प्रत्येकाची साखर, रक्तदाब आणि वजन त्यांना पाठ आहे आणि ते त्या चारचौघांत सांगतात. शंभर रुपयांत त्यांना मी पापड भाजायची जाळी घेतली. तेल नको, असं त्या जन्मभर सांगत आल्या आहेत. भेटवस्तू पाच मिनिटांत झाली. उरली ओवी.

डिसेंबरात आमच्या ऑफिसात लोक सुट्ट्या संपवायच्या मागे असतात. मी व्हाउचरांच्या मागे 'आत्या'ला यमक शोधत होतो. 'हत्या' सापडलं. ते वापरता येण्यासारखं नव्हतं, निदान फराळाआधी तरी नाही. मग मी आत्यांना सोडून साखरेकडे वळलो. साखर, भाकर, ढेकर. तीन चरण झाले:

डबा उघडता दिसे साखर
आत्या सांगती खा रे भाकर
आपण देती तृप्त ढेकर

नाव घ्यायचं नाही हा नियम दुसऱ्याच चरणात मोडला होता. पण आमच्यात आत्या एकच, आणि साखर म्हटल्यावर ओळखायचं ते काय राहतं? चौथा चरण मात्र येईना. आठवडा गेला, पगारपत्रकं गेली, आकाशकंदील लागला. (आमचा कंदील चांदणीचा असतो आणि तो दिवाळी संपल्याच्या दुसऱ्या दिवशी घेतलेला असतो. दुकानदार तेव्हा अर्ध्या किमतीत देतो. ज्यांचा सण दिवाळीनंतर येतो त्यांचा हा एक फायदा.) चौथ्या चरणाच्या जागी अजून टिंबंच होती.

२४ तारखेला संध्याकाळी पुण्याहून निघालो. वाघोलीत गाडी उभी राहिली ती राहिलीच. मागे पोरं भांडत होती. करंज्यांचा डबा बायकोच्या मांडीवर होता, कारण मागे ठेवला तर तो नगरपर्यंत पोचत नाही. मी तीन चरण म्हणायचो आणि गप्प व्हायचो. पुन्हा तीन चरण, पुन्हा गप्प. शिक्रापूर गेलं, रांजणगाव गेलं. शिरूरच्या पुलावर बायको वैतागून म्हणाली, "करंजीचा."

"काय करंजीचा?"

"ढेकर. आपण देती तृप्त ढेकर, करंजीचा. झालं. आता लेन बदला, मागचा ट्रक हॉर्न वाजवतोय."

मी लेन बदलली. इतकी वर्षं ही बाई माझ्याबरोबर किराण्याच्या याद्या करते आहे, आणि आत हे सगळं भरलेलं! ती म्हणाली, यात नवल काही नाही, आमच्या गावची रीतच आहे. टिळकांनी ख्रिस्तायन, म्हणजे ख्रिस्ताच्या चरित्रावरचं महाकाव्य, लिहायला घेतलं आणि थोडे अध्याय करून १९१९ साली ते गेले. लक्ष्मीबाईंनी पुढे साठावर अध्याय लिहून ते मार्गी लावलं. मी म्हटलं, "पण मी अजून आहे." यावर ती करंज्यांचा डबा दुसऱ्या मांडीवर घेऊन झोपली.

नाताळच्या सकाळी चर्चमध्ये उभं राहायला जागा नसते. दारातच सगळ्यांचे "सलाम, सलाम" सुरू होतात. मुंबई-पुण्याला गेलेले सगळे परत आलेले असतात, नव्या साड्यांची सळसळ असते, आणि पेटी-तबल्यावर टिळकांची गीतं सुरू झाली की माझ्यासारख्या बेसूर माणसालाही आवाज चढवावासा वाटतो. पाळकसाहेबांचा उपदेश चालू असताना मी आमची रांग न्याहाळली. मेहुणा डोळे मिटून ओठ हलवत होता. मेहुणी पदराआड बोटं मोजत होती. भाचीने उपासनेच्या पत्रकाच्या मागे काहीतरी खोडलं होतं. मागच्या बाकावरच्या एक आजी हे सगळं बघून आमच्या सासूबाईंना नंतर म्हणाल्या, "तुमच्या घरात किती भक्तिभाव आहे हो!" सासूबाई म्हणाल्या, "वर्षातून एकदाच."

घरी आल्यावर खरी परीक्षा सुरू होते, कारण साडू वसईहून यायचे असतात. ते कॅथलिक. मध्यरात्रीची मिस्सा करून, दोन तास झोपून, पहाटे बायकोमुलांना गाडीत घालून निघतात आणि दुपार झाली तरी कुठल्यातरी घाटातून फोन करत असतात. ते येईपर्यंत वाचन नाही, वाचन होईपर्यंत फराळ नाही. अनारशांचा वास घरभर फिरत असतो. स्वयंपाकघरात बिर्याणीच्या पातेल्याला कणीक लावून ते दमावर ठेवलेलं असतं. या काळात मी चर्चमधून आलेला केकचा एक तुकडा रुमालात लपवून गच्चीवर गेलो. तिथे मेहुणा आधीच उभा होता. तोंड भरलेलं असल्यामुळे आम्ही एकमेकांना काही विचारलं नाही.

साडू आले. साडूंबद्दल मला मत्सर आहे तो एवढ्यासाठी की त्यांच्याकडे एकच ओवी आहे आणि ती त्यांना आयुष्यभर पुरणार आहे. एका वर्षी ती अशी होती:

आत्याबाई मायेचा सागर
गुणांचे त्यांच्या मोठे आगर
उजळले अवघे नगर
त्यांच्या पायी

पुढच्या वर्षी 'आत्याबाई'च्या जागी 'मामासाहेब', त्याच्या पुढच्या वर्षी 'सासूबाई'. एका वर्षी त्यांच्या चिठ्ठीत आमचा तीन वर्षांचा मुलगा निघाला, तेव्हा तोही मायेचा सागर झाला. 'नगर' या शब्दामुळे दादा दरवेळी विरघळतात. वाचताना साडू किंचित डोळे मिटतात, तेवढी मेहनत त्यांची स्वतःची.

वाचन सुरू झालं. मेहुण्याच्या चिठ्ठीत आई, म्हणजे आमच्या सासूबाई, आल्या होत्या. आईंच्या एका घाण्यातल्या करंज्या या वर्षी तेलात उकलल्या होत्या आणि सारण वर तरंगलं होतं. हा घरातला ताजा आणि नाजूक विषय. त्यावर त्याने अभंग केला:

करंज्या फुटल्या, तेलात सुटल्या
अश्रूंनी दाटल्या, माझ्या आई

अंगठा पेरांवरून सरळ शेवटपर्यंत गेला. छंद पास. आईंनी मात्र त्याच्याकडे असं बघितलं की त्याने बिर्याणीतला नळीचा तुकडा त्या दिवशी स्वतःहून दुसऱ्याला दिला. भाचीने आजोबांच्या कवळीवर चार ओळी केल्या. त्या इथे देत नाही, पण सगळ्यांत जास्त हशा त्यांनाच पडला. मग मी उठलो. तीन चरण झाले. चौथ्यापाशी उगाच क्षणभर थांबलो, कलावंत थांबतात तसा, आणि म्हटलं, "करंजीचा." आत्यांच्या उजव्या हातात त्याच वेळी नियमबाह्य मार्गाने मिळवलेली अर्धी करंजी होती. याहून चांगली दाद कुणाला मिळाली असेल असं वाटत नाही. जाळी बघून त्या म्हणाल्या, "माझ्याकडे आहे." तेही ठीक.

शेवटी दादा. दादांनी वही काढली, चष्मा पुसला.

"पुण्याचा पाहुणा, हिशोबी शहाणा, शोधतो बहाणा, कवितेला."

ओळखायला वेळ लागला नाही. सगळे माझ्याकडे बघून हसले. दादा पुढे सरकले. पुढचं कडवं निळ्या शाईचं होतं, पहिलं काळ्या. म्हणजे रात्री आम्ही पोचल्यावर लेकीशी बोलून मग लिहिलेलं:

"चौथ्या ओळी अडे, बायकोला साकडे, मग काव्य घडे, जावयाचे."

टाळ्या पडल्या. आत्यांनी तर मांडीवर थाप मारली. बायको छताकडे बघत होती. पण माझं लक्ष त्या कुणाकडेच नव्हतं. माझा अंगठा माझ्या नकळत पेरांवरून फिरला होता आणि एका पेरावर जास्तीचा पडला होता. ताळेबंदात रुपया उरला की मला अशीच हुरहुर लागते.

"दादा," मी म्हटलं, "दुसऱ्या चरणात सात अक्षरं आहेत."

घरात शांतता. दादांनी वही डोळ्यांजवळ नेली. बा, य, को, ला. सा, क, डे. पुन्हा मोजलं, या वेळी डाव्या हातावर. मग म्हणाले, "संतांनीसुद्धा एखाद्या अक्षराची सवलत घेतलेली आहे. म्हणताना सांभाळून घ्यायचं असतं."

सवलत! ही सवलत घरात आजवर कुणालाच मिळालेली नव्हती. मेहुण्याचा मुलगा ताडकन उठला. त्याचा अभंग कधीतरी अशाच एका अक्षरावरून परत पाठवला होता, तो पुन्हा विचारात घ्यावा, अशी त्याने मागणी केली. मेहुणीला आपली जुनी ओवी आठवली. मामेसासरे म्हणाले, मग माझीही. साडू मात्र शांत होते, त्यांच्या ओवीत कुणी कधी काही मोजलंच नव्हतं. दादा संतांची उदाहरणं देऊ लागले, पोरं मोबाइलवर ती शोधून अक्षरं मोजू लागली, आणि बिर्याणीला लावलेली कणीक वाळून टरकायला लागल्याचा वास माजघरात आला.

आई पदराला हात पुसत दारात आल्या.

"पत्नीला साकडे म्हणा," त्या दादांना म्हणाल्या, "आणि पानं घ्या."