दुप्पट बोकड

कॅम्पातल्या मित्राच्या घरून दर नाताळला आमच्याकडे ताट येतं. कुलकुल, नेवऱ्या, दोदोल, केकचे दोन जाड तुकडे आणि वर क्रोशाचा रुमाल. आता आलेलं ताट रिकामं परत करायचं नसतं हे काय वेगळं सांगायला लागत नाही, त्यामुळे गेली वीस वर्षं आम्ही त्यात आमचा बेळगावी दुधाचा कुंदा भरून पाठवतोय. गेल्या वर्षी मित्राच्या आईनं, म्हणजे मावशीनं, रुमाल न उचलताच "कुंदा काय रे?" म्हणून विचारलं आणि वर "एखाद्या वर्षी गोकाकचं करदंट तरी आण की" असं सुनावलं. बेळगावच्या माणसाला गोकाकचं करदंट आण म्हणणं म्हणजे काय ते बाहेरच्याला कळायचं नाही, पण मला लागलं ते. यंदा काहीतरी वेगळंच न्यायचं असं मी तिथंच ठरवलं.

वेगळं म्हणजे काय ते दिवाळीला आलेल्या मेव्हण्यानं सुचवलं. हा म्युनिकला असतो. तिकडं घरी बिअर करायला परवानगी आहे आणि याला घरी दुसरं काही करायला येत नाही. तो म्हणाला, भावजी, नाताळाला डॉपेलबॉक करा. दाट, तपकिरी, पावाच्या भाजक्या कडेसारखी चव, आणि साध्या बिअरपेक्षा दीडपट तरी कडक, सात-आठ टक्के. डॉपेल म्हणजे दुप्पट, आणि बॉक म्हणजे जर्मनमध्ये बोकड. मी म्हटलं हे तर मराठीच झालं. त्यानं इतिहास पण सांगितला, म्युनिकच्या पाओलानर मठातले साधू ईस्टरच्या आधीच्या लेंटच्या उपवासात अन्न चालत नाही म्हणून ही घट्ट बिअर प्यायचे, तिला पातळ पाव म्हणायचे. हे ऐकून आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, "एकादशी, दुप्पट खाशी." चारशे वर्षांची परंपरा आईनं तीन शब्दांत गुंडाळली.

त्या मठाच्या बिअरचं नाव साल्वाटोर, म्हणून मग बाकीच्यांनी पण आपापल्या डॉपेलबॉकची नावं शेवटी आटोर येईल अशी ठेवली, मॅक्सिमाटोर, ऑप्टिमाटोर, सेलेब्राटोर वगैरे. मी लगेच कुंदाटोर असं नाव काढलं. पण पुढं मेव्हण्यानं सांगितलं की दहा-बारा डिग्रीला आंबवायची, नंतर दोन महिने जवळजवळ शून्य डिग्रीत मुरवायची, म्हणजे खरंतर गणपतीतच सुरू करायला हवं होतं. बेळगावला आम्ही कितीही गरिबांचं महाबळेश्वर म्हणत असलो तरी शून्य काही होत नाही. आणि आमच्या घरात एकच आटोर, रेफ्रिजरेटर, त्यात खालच्या दोन फळ्यांवर आईचं इडलीचं पीठ. ते पीठ दोन महिने बाहेर ठेवा असं आईला सांगणारा माणूस अजून जन्माला यायचाय. मेव्हणा म्हणाला मग साधं एल जातीच्या बिअरचं यीस्ट वापरा, अठरा-वीस डिग्रीत पण चालतं, नाताळपर्यंत जमेल तेवढं जमेल. यीस्टचं पाकीट आणि हिरव्या गोळ्यांचं एक पाकीट हातात देऊन तो गेला. गोळ्या हॉप्सच्या, म्हणजे बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांच्या. आईनं वास घेतला आणि सशाचं खाद्य आहे का विचारलं.

आता माल्ट. माल्ट म्हणजे काही दिव्य नाही, सातूला, म्हणजे बार्लीला, जवाला, मोड आणायचे, वाळवायचे, भाजायचे. पण सातू मिळायला नको? पहिल्यांदा किराणा दुकानातून बार्ली आणली, दोन दिवस भिजत घातली, मोड काही येईनात, नुसता आंबूस वास. मागून कळलं की ती पांढरी गुळगुळीत बार्ली घासून साल काढलेली असते, तिला मोड येणं म्हणजे टक्कल पडलेल्याला शेंडी येण्यासारखं आहे. मग कुणीतरी सांगितलं कानडीत बार्लीला जवे गोदी म्हणतात, तसं माग. मागितलं. दुकानदारानं आनंदानं तीन किलो खपली गहू दिला, कारण आमच्याकडं जवे गोदी म्हटलं की खपलीच. आईनं त्याची खीर केली, छान झाली, प्रकल्पातली ती एकमेव गोष्ट वेळेवर झाली असं म्हणायला हरकत नाही. शेवटी बायकोनं डोकं चालवलं. "होमाला जव लागतात ते सालीसकट असतात की." रविवार पेठेत पूजासामानाच्या दुकानात गेलो आणि पाच किलो जव मागितले. दुकानदार आदरानं उठून उभा राहिला. "केवढा यज्ञ आहे ओ?" मी म्हटलं, मोठा आहे, नाताळचा.

पुढचे सात दिवस मी जवांची बाळंतपणं काढली. दोन दिवस भिजवायचे, मध्ये मध्ये पाणी बदलायचं, मग ओल्या गोणपाटावर पसरायचे आणि दर सहा-सात तासांनी हातानं वरखाली करायचे, नाहीतर आतून तापतात. रात्री तीनचा गजर लावून गच्चीवर जायचो. पण एक सांगतो, तिसऱ्या रात्री त्या ढिगात हात घातला तर आत गरम गरम, आणि वास अगदी कापलेल्या काकडीचा. धान्याला जीव असतो हे आपण नुसतं म्हणतो, मला तिथं तो बोटांना लागला. मग उन्हात वाळवले, कबुतरांनी त्यांचा वाटा घेतला, आईनं सुपात चोळून मुळ्या पाखडल्या, थोडे जव वेगळे काढून खापरावर तांबूस होईपर्यंत भाजले. हे सगळं करताना ती एकसारखी म्हणत होती, "यात नवीन काय आहे, नाचणीचं सत्त्व असंच करतात. म्युनिकला जायला कशाला पायजे?" गिरणीतून जाडसर भरडा काढून आणला. गिरणीवाल्यानं पुढच्या गिऱ्हाईकाला बाजूला घेऊन, जरा थांबा, यज्ञाचं आहे, म्हणून सांगितलं. बातमी रविवार पेठेतून टिळकवाडीपर्यंत माझ्या आधी पोचली होती.

डिसेंबरचा दुसरा रविवार. लग्नकार्यातलं मोठं पातेलं काढलं. भरडा गरम पाण्यात कालवून तासभर पासष्ट ते अडुसष्ट डिग्रीत धरायचा, हा सगळा खेळ. त्याच्यापेक्षा जास्त तापलं तर जवातली पाचकद्रव्यं मरतात, कमी असलं तर नुसती पेज. ताप बघायचा थर्मामीटर घातला तर त्यावर फक्त एच दिसायला लागलं, त्याच्या मते पेशंट गेलेला होता. डेअरीवाल्याकडनं दुधाचा थर्मामीटर आणला, तो स्वतःच यायला निघाला आणि येताना लॅक्टोमीटर पण घेऊन आला. अर्ध्या तासानं ताटलीत थेंब काढून त्यावर टिंक्चर आयोडीन टाकलं, काळंनिळं झालं, म्हणजे स्टार्च शिल्लक. बायको बाटली बघून, कुठं कापलं, म्हणून धावत आली. तासाभरानं परत टाकलं, आयोडीन आपल्या तपकिरी रंगात तसंच राहिलं. आईनं पळीभर चाखलं आणि माझ्याकडं संशयानं बघितलं. "गूळ कधी घातलास?" नाही ग घातला. "मग गोड कसं?" मघाशी पिठल्याइतकं अळणी असलेलं ते आता उसाच्या रसासारखं गोड लागत होतं, आणि त्यात कुणी काही घातलं नव्हतं. डेअरीवाल्यानं आईच्या जुन्या लुगड्यातनं गाळलेला रस ग्लासात घेऊन लॅक्टोमीटर सोडला. चांगल्या दुधाला तीसच्या आसपास बुडतो. इथं तो चाळीसच्या रेघेच्या पण वर उभा राहिला. "एवढं घट्ट कुठली म्हस देत नाही ओ," डेअरीवाला हळहळला, आणि चोथा त्याच्या म्हशींसाठी घेऊन गेला.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. पण सगळ्या जिन्यात हॉर्लिक्सचा वास भरला होता आणि आमच्या खाली जे काका राहतात ते एक्साइजमधून रिटायर झालेले. तीस वर्षं गोव्याकडनं येणाऱ्या गाड्यांच्या डिक्क्या हुंगलेलं नाक ते. दार उघडंच होतं. "काय शिजवायलायस रे?" मी सत्त्व म्हणालो. काकांनी पातेलं बघितलं, ओट्यावरचं यीस्टचं पाकीट बघितलं, चष्मा काढून पुसला आणि खुर्ची ओढून पातेल्याशेजारीच बसले.

"हे बघ," ते म्हणाले, "आत्ता हे जवाचं पाणी आहे. सरकारला काय देणंघेणं नाही. पण ते पाकीट यात पडलं की ते माझ्या खात्याचं. १९६५ चा कर्नाटक एक्साइज ॲक्ट. लायसन्सशिवाय दारू काढायची नाही."

मी पण तयारी करून होतो. म्हटलं काका, बव्हेरियात १५१६ साली कायदा झाला की बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी एवढंच घालायचं, त्यात यीस्टचं नावच नाही, म्हणजे कायद्यानं यीस्ट अस्तित्वातच नाही. काका म्हणाले, आमच्या कायद्यात आहे. मग मी नॉर्वेचा काढला. तिथं जुन्या गुलाटिंग कायद्यात नाताळाला घरी बिअर करणं सक्तीचं होतं, नाही केली तर दंड, तीन वर्षं चुकवली तर जमीनजुमला जप्त! "मग नॉर्वेला जा की," काका म्हणाले. हॉप्सचं पाकीट वासासाठी पुढं केलं तर त्यांनी विचारलं हे कसलं झाड. मी मूर्ख, खरं सांगितलं, की भांगेच्या कुळातलं. काकांनी ते पाकीट पण खिशात घातलं. वर म्हणतात, "१९२४ ला गांधीजी याच महिन्यात काँग्रेसच्या अधिवेशनाला आले होते, नाताळात. आपल्या टिळकवाडीत. ती काँग्रेस विहीर हितनं दिसती. आणि तू हे करायलायस?" आता यावर माणूस काय बोलणार. बायको म्हणाली, बघा, माझ्या भावाचं काही चुकलं नाही, तुमचं गाव चुकलं.

बारा लिटर रस. आईनं एक मिनिट पण वाया घालवला नाही, गॅस मोठा केला आणि गुऱ्हाळावर रसाची काकवी करतात तसा आटवायला घेतला. उकळी यायच्या आत काका मात्र खाली जाऊन दोन रिकाम्या काचेच्या बाटल्या घेऊन आले, कसल्या ते मी विचारलं नाही. "मला खोकल्याला दे थोडं." आई म्हणाली उकळू दे तरी. "उकळलं की सत्त्व जातंय," काका ठामपणे म्हणाले, बुचं पिळून घट्ट लावली आणि बाटल्या घेऊन गेले. फ्रिजमध्ये ठेवा म्हणून मी जिन्यातनं ओरडलो. थंडीत खोकल्याचं औषध फ्रिजात कोण ठेवतंय, असं उत्तर आलं. त्यांनी त्या इन्व्हर्टरशेजारच्या कपाटात ठेवल्या, तिथं ऊबदार असतं म्हणून.

आटून अडीच किलोभर काळपट काकवी झाली. चोवीस तारखेला बरणी घेऊन कॅम्पात गेलो. मावशीनं रुमाल न उचलता "कुंदा?" विचारलं, मी काही बोललो नाही, मग बोट घालून चाटलं आणि बराच वेळ गप्प राहिली. "दोदोलात घालून बघते," एवढंच म्हणाली. मावशीच्या भाषेत हे फार झालं.

मध्यरात्रीच्या मिसानंतर केक वगैरे खाऊन दीडच्या सुमाराला घरी आलो तर जिन्यातले दिवे चालू. खालच्या दारात काका, माकडटोपी, स्वेटर, हातात पोछा. आणि वास! अहो तो वास मी ओळखला, मेव्हण्याच्या बाटलीतला, पावाच्या भाजक्या कडेचा, थोडा आंबूस. कपाटाच्या दारातनं तपकिरी ओघळ फरशीवर आला होता आणि त्याला चांगला जाड फेस होता.

"कुणी यीस्ट घातलं?" काकांनी विचारलं.

"कुणी नाही काका. हवेतच असतंय, लुगड्याला, बाटल्यांना पण असतंय. उकळलं असतं तर मेलं असतं."

काका बराच वेळ फरशीकडे बघत राहिले. लायसन्सशिवाय, स्वतःच्या घरात, स्वतःच्या कपाटात.

"एक फुटली," ते शेवटी हळू आवाजात म्हणाले. "दुसरी मुद्देमाल म्हणून जप्त केलोय. फ्रिजात आहे."

"मग आता?"

काकांनी जिन्यात वर बघितलं, खाली बघितलं. "मुद्देमाल नष्ट करायला दोन पंच लागतात. ये आत. आणि आईला उठवू नको."