आयत्या गळावर नागोबा

फुकट मिळालेल्या सामानावर फ्लाय फिशिंग शिकायचं ठरवलंत तर एकूण खर्च नव्या सामानापेक्षा जास्त येतो, हे मी आता छातीठोकपणे सांगू शकतो. आणि ज्याचं सामान तो माणूस वरून बघतोय असं सारखं वाटत राहतं ते वेगळंच.

आम्ही राहतो पेन्सिल्व्हेनियात, स्टेट कॉलेज नावाच्या गावात. इथे पेन स्टेट विद्यापीठ आहे, फुटबॉल आहे, आणि ज्यांना या दोन्हीत रस नाही त्यांच्यासाठी ट्राउट मासा आहे. थट्टा नाही करत, इथे १९४० च्या दशकात जॉर्ज हार्वी नावाच्या गृहस्थांनी विद्यापीठात फ्लाय फिशिंगचा क्रेडिटवाला कोर्स चालू केला, म्हणजे आपली पोरं थर्मोडायनॅमिक्समध्ये उडतात तशी इथली पोरं गळ टाकण्यात उडू शकायची. पुढे तो कोर्स जो हम्फ्रीज यांच्याकडे आला आणि त्यांनी १९७७ साली इथल्याच फिशिंग क्रीकमधून पंधरा पौंडांच्या वरचा ब्राउन ट्राउट बाहेर काढला, तोही मध्यरात्रीच्या अंधारात, फ्लायवर, म्हणजे गळावर पिसं नि धागा गुंडाळून केलेल्या खोट्या माशीवर. मी दिवसाढवळ्या चष्मा लावून धागा ओवू शकत नाही, पण ते येईलच पुढे.

तर शेजारच्या आजींनी यजमान गेल्यावर गॅरेज आवरायला काढलं आणि एक रॉड, एक रील, दोन डबे, एक खिशांचं जाकीट आणि रबराची छातीपर्यंतची पँट असं सगळं माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, सेलमध्ये कुणीतरी पाच डॉलरला नेईल त्यापेक्षा तू घे, त्याला आवडलं असतं. आता "त्याला आवडलं असतं" या वाक्यानंतर माणूस काय करणार? ते सामान टाकता येत नाही, विकता येत नाही, आणि आजी रोज संध्याकाळी पोर्चमध्ये बसतात त्यामुळे न वापरताही चालत नाही.

घरी बायको देवगडची. तिच्या बाबांनी उभा जन्म खाडीवर गरवण्यात घालवलाय, नायलॉनचा दोरा, गरी, शिशाचा तुकडा आणि कोलंबी, संपला विषय. त्यांना व्हिडिओ कॉलवर मी समजावायला गेलो की बाबा, इथे वजन गळाला नसतं, गळ म्हणजे नुसतं पीस आणि धागा, त्याला वजनच नाही, म्हणून दोरीच जाड आणि जड करतात आणि ती दोरी फेकायची, गळ मागोमाग आपोआप जातो.

"बरं. आणि माशाला खायला काय?"

"पीस."

"कसलं पीस?"

"कोंबड्याचं."

फोनवर बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "जावईबापू, मग मासा येतो कशाला?"

हा प्रश्न पुढे पूर्ण सीझनभर माझ्या डोक्यात होता.

सुरुवात रॉडपासून. रॉड फायबरग्लासचा, मधाच्या रंगाचा, दोन तुकड्यांचा. दुसऱ्या महायुद्धानंतर बांबू मागे पडून हे ग्लासचे रॉड आले आणि सत्तरच्या दशकात कार्बनचे येईपर्यंत त्यांचंच राज्य होतं. दोन तुकडे जिथे जुळतात तिथे धातूचा सांधा असतो, आणि हा सांधा कित्येक वर्षं लावलेलाच राहिल्यामुळे असा काही अडकला होता की साडेआठ फुटी काठी कारमध्येही मावेना. नियम असा की पिळायचं नाही, सरळ ओढायचं, पिळलं की रॉड मोडतो. म्हणून मग एका टोकाला मी आणि एका टोकाला बायको, मध्ये मुलगी अंपायर, एक दोन तीन म्हणून ओढलं तर आधी काहीच नाही, मग बायको म्हणाली "अरे तू ओढतोयस का नुसता धरून उभा आहेस" आणि त्याच क्षणी टक् असा आवाज होऊन मी सोफ्यात आणि ती फ्रीजवर. पुन्हा अडकू नये म्हणून जुनी मंडळी काय करतात माहितीये? सांध्याचा आतला भाग नाकाच्या बाजूला घासतात. नाकपुडीच्या कडेला जे तेल असतं ना, तेच. वंगण म्हणून पुरेसं असतं, जास्त नाही कमी नाही. आईने सगळं लहानपण माझ्या तेलकट तोंडाला नावं ठेवली, शेवटी कामाला आलं की नाही?

लाइनचा, म्हणजे त्या जाड दोरीचा, डबा उघडला तर वर अक्षरं, एचडीएच. हे काय म्हणून शोधलं. पूर्वी लाइन रेशमाच्या असायच्या आणि ही अक्षरं म्हणजे त्यांची जाडी, टोकाला बारीक, मध्ये जाड, परत बारीक. मग नायलॉन आणि प्लास्टिक आलं, तेवढ्याच जाडीला वजन वेगळं भरायला लागलं आणि सगळाच घोळ झाला, म्हणून १९६१ मध्ये ठरलं की जाडी गेली खड्ड्यात, पहिल्या तीस फुटांचं वजन करा आणि त्यावरून नंबर द्या. म्हणजे माझा रॉड बोलतो एका भाषेत आणि दुकानदार दुसऱ्या. बरं, ते जुळवलं तरी लाइन स्वतः ऐकेल तर ना. इतकी वर्षं रिळावर गुंडाळून राहिल्यामुळे तिला सरळ म्हणजे काय हेच आठवत नव्हतं, पाण्यावर पडली की नुसत्या जिलब्या. वरचं कोटिंग तडकलेलं, तडांमधून पाणी आत जाणार, आणि तरंगणारी म्हणून बनवलेली लाइन पाच मिनिटांत बुडायला लागणार. त्यातून मी डास चावू नयेत म्हणून हाताला भरपूर स्प्रे मारून त्याच हाताने ती धरत होतो, आणि त्या स्प्रेमधलं डीट लाइनचं प्लास्टिक खातं.

कास्टिंगची प्रॅक्टिस लॉनवर करतात, गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून. लाइन आधी मागे फेकायची, ती मागे पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचं, मग पुढे. आता हे "थांबायचं" जे आहे ना ते आपल्या रक्तात नाही. मुंबई लोकलमध्ये वाढलेल्या माणसाला मागे बघून थांबायला सांगतात! आणि ग्लासचा रॉड कार्बनपेक्षा मंद, तो निवांत वाकतो, निवांत सरळ होतो, त्याला घाई केली की लाइन थेट मानेभोवती. समोरच्या घरातलं कुत्रं लोकरीमागे धावायचं, पोर्चमधून आजी टाळ्या वाजवायच्या, आणि मुलगी मैत्रिणींना घेऊन कंपाउंडवर बसायची, तिकीट लावायचं तेवढं बाकी होतं.

पण या सगळ्या सामानाचा खरा खलनायक म्हणजे रील. हे ऑटोमॅटिक रील. हँडल नाही, आत घड्याळासारखी स्प्रिंग, लाइन बाहेर ओढाल तशी ती पिळत जाते आणि करंगळीजवळची कळ दाबली की सगळी लाइन सुर्रकन आत. गेल्या पिढीत अमेरिकेत हे जोरात चालायचं म्हणे. वजन एवढं की रॉडचा तोल कायम मुठीखाली, आणि कळ इतकी नाजूक की जाकिटाची बाही लागली तरी काम तमाम.

पहिल्यांदा पाण्यात उतरलो स्प्रिंग क्रीकवर, मे महिन्यात. लायसन्स काढलं, इथे सोळा वर्षं पूर्ण झालेल्या सगळ्यांना लागतं आणि ट्राउटसाठी वर वेगळं परमिट. हा ओढा चुनखडीच्या झऱ्यांवर चालतो, त्यामुळे हिवाळ्यात गोठत नाही आणि उन्हाळ्यात तापत नाही, वाचायला किती छान वाटतं नाही? आता तीच रबरी पँट घालून उभे राहा. मूळ मालक सहा फुटी, बूट बारा नंबरचे, माझे पाय आठ नंबरचे, म्हणजे पाऊल उचललं की आधी पाय बुटातल्या बुटात वर येतो, मग थोड्या वेळाने बूट. गुडघ्यापर्यंत पाणी, ठीक. मांडीपर्यंत पाणी, ठीक. आणि मग दोन पायांच्या बरोबर मधल्या शिवणीतून एक थंड धार आत आली. काय वर्णन करू. तोंडातून शब्द फुटेना, आणि पलीकडच्या काठावरचा एक म्हातारा आदराने टोपी काढून म्हणतो, "ब्यूटिफुल इव्हनिंग, इझन्ट इट?"

नंतर ते भोक सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन आणि ट्यूबचा तुकडा लावून बुजवलं, आणि एकदम पक्कं झालं, त्यामुळे पुढच्या वेळी पाणी शेजारून आलं.

फ्लायचे डबे मात्र सुंदर होते हो. अॅल्युमिनियमचे, आत ओळीने गळ लावलेले, अगदी खुळ्या नंबरांचे, म्हणजे नंबर जितका मोठा तितका गळ लहान. काही पिसं कसरीने खाल्ली होती, नुसते धाग्याचे सांगाडे उरले होते, पण बरेच शाबूत होते. बेलफॉन्टजवळ याच ओढ्यावर फिशरमन्स पॅराडाइज म्हणून जागा आहे, १९३४ पासूनची, तिथे फक्त फ्लाय चालतो, आणि मी तोही बिनकाट्याचा करायचं ठरवलं, म्हणजे गळाच्या टोकाजवळ तो उलटा काटा असतो ना, तो पकडीने चेपून टाकायचा. चेपायला बसलो. पहिला, कट्ट. दुसरा, कट्ट. आतून गंजलेले होते, काटा चेपायच्या ऐवजी अख्खं टोकच तुटायचं. टेबलावर बिनटोकाच्या माश्यांचा ढीग आणि मागून बायको, "चला, निदान माशाला लागणार तरी नाही."

आता मे-जूनमध्ये संध्याकाळी सल्फर नावाच्या पिवळट माश्या ओढ्यातून वर येतात आणि अर्ध्या-पाऊण तासासाठी सगळे ट्राउट येडे होतात, जिकडे बघाल तिकडे पाण्यावर वर्तुळं. मी बरोब्बर मध्ये. काटा चेपताना वाचलेला एक फ्लाय काढला. तो बांधायचा टिपेटला, म्हणजे अगदी टोकाच्या बारीक दोऱ्याला, आणि माझा टिपेट फाइव्ह एक्स, आणि हे एक्सचं गणित असं की अकरातून एक्स वजा करायचे, म्हणजे उरले सहा, म्हणजे इंचाचे हजार भाग केले तर त्यातले सहा. एवढ्या जाडीचा दोरा, तेवढ्याच भोकाचा गळ, अंधार पडत आलेला, आणि माझा प्रोग्रेसिव्ह चष्मा, ज्यातून एक तर दोरा दिसतो किंवा भोक. कसाबसा ओवला. फेकला. आणि खरंच सांगतो, पडला बरोबर, थांबलो बरोबर, माशाने तोंड उघडलं आणि घेतला! घेतला आणि मी रॉड उचलला आणि आजोबांच्या काळातला लीडर, म्हणजे लाइन आणि टिपेटच्या मधला दोरा, जो नायलॉन असूनही म्हातारपणाने पापडी झाला होता, पट्कन तुटला. वारसा पुढच्या पिढीकडे गेला. काटा चेपलेला होता म्हणून निदान तो गळ त्याच्या तोंडातून आपणहून पडला असेल.

घाबरायचं नाही, दुसरा फ्लाय. म्हणून वाकलो आणि बाही कळीला लागली. सुर्रर्र! लाइन, लीडर, सगळं रॉडच्या एकेक कडीतून परत मागे जाऊन थेट रिळाच्या पोटात. आजूबाजूला मासे उड्या मारतायत, आणि मी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून नखाने रिळातून दोऱ्याचं टोक उकरतोय. पलीकडच्या म्हाताऱ्याने तेवढ्यात बहुतेक तीन-चार काढले आणि सोडले.

सोडले, हो. ही गोष्ट मी देवगडपासून लपवून ठेवली होती. स्प्रिंग क्रीकवर १९८२ पासून मासा घरी न्यायला बंदी आहे, कारण एका रासायनिक कारखान्यातून केपोन आणि मायरेक्स नावाची कीटकनाशकं पाण्यात गेली आणि माशांमध्ये सापडली. ओढा आता खूप सुधारला, मासे भरपूर झाले, पण पकडायचा आणि सोडायचा हाच नियम. बायकोला हे कळलं तेव्हा ती कोकम भिजत घालत होती.

"म्हणजे एवढा खर्च, एवढी थंडी, आणि मासा सोडून यायचा?"

"हो."

"आणि सापडला नाही तर?"

"तरी तसंच."

"मग जातोस कशाला, घरूनच सोड की."

शेवटी सगळं उचलून दुकानात गेलो. तिथल्या पोराने रॉड हातात घेतला, दोनदा हलवला, आणि त्याचा चेहरा एकदम बदलला, म्हणाला हा फार छान रॉड आहे, लहान ओढ्यावर याला तोड नाही, हा ठेवा. मग बाकीच्या सामानाकडे बघून गप्प बसला. त्या गप्प बसण्याचं बिल, लाइन, लीडर, टिपेट, फ्लाय, साधं हाताने फिरवायचं रील आणि पायाच्या मापाची वेडर्स, म्हणजे तीच ती पाण्यात उतरायची पँट, मिळून जे झालं ते मी घरी दोन हप्त्यांत सांगितलं. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. पण पोरगं खोटं बोललं नव्हतं. पाच नंबरची नवी लाइन लावली आणि तोच मंद रॉड असा काही चालायला लागला की लॉनवर कुत्र्याला लोकर मिळेना. कुणाच्या आजोबांचं सामान तुम्हाला मिळणार असेल तर रॉड घ्या आणि बाकीच्याला लांबून नमस्कार करा, एवढंच सांगेन.

पहिला ट्राउट मिळाला तो जेमतेम वीतभर, अंगावर लाल ठिपके, हातात धरला तर जरा ऐट करून निसटला. फोटो सासऱ्यांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "मुडदुशे बरे मोठे असतात." शेजारच्या आजींनी मात्र तोच फोटो फ्रीजवर लावलाय.

ऑटोमॅटिक रील टाकवेना, त्यालाही "आवडलं असतं"ची शपथ होतीच. मग मराठी मंडळाच्या पिकनिकला पतंग उडवायचे होते आणि फिरकी कुणीच आणली नव्हती. बसवला त्यावर दोरा. पतंग वर जाईल तसा दोरा ओढला जातो आणि स्प्रिंग आपोआप पिळते, काय सुंदर योजना! पंचवीस-तीस फुटांवर छान वारा लागला होता, तेवढ्यात कुणाच्या तरी पाच वर्षांच्या पोराने विचारलं हे काय आहे आणि विचारता विचारताच कळ दाबली. पतंग आकाशातून जो सुटला तो सरळ सेक्रेटरीसाहेबांच्या पोह्यांच्या ताटात. साहेब काही बोलायच्या आत पोरगं उड्या मारत, "काका, परत! परत!" आणि त्याच्यामागे दहा-बारा पोरांची लाइन लागलेली, आणि तीही एकदम सरळ.