‘मास्टर प्रथिना’चा हुकूम

“गर्भातल्या पेशीला ‘चेतापेशी हो’ असं सांगणारं एकच मास्टर प्रथिन असतं. ते जेवढं जास्त, तेवढा मेंदू तल्लख.” आमच्या घरच्या ग्रुपवर हा मजकूर फिरून फिरून येतो, खाली जोडलेले हात.

आधी ‘सांगणारं’ बघू. बेडकाच्या गर्भात उलटंच चालतं. बाहेरच्या थरातल्या पेशींना बीएमपी नावाची प्रथिनं त्वचा व्हायला लावत असतात. पाठीकडच्या भागातून नॉगिन आणि कॉर्डिन ही प्रथिनं झिरपतात आणि बीएमपीलाच धरून ठेवतात. अडवणूक सुटली की तिथल्या पेशी चेतासंस्थेच्या वाटेला लागतात. श्पेमान आणि मांगोल्ड या शास्त्रज्ञांनी १९२४ साली न्यूटच्या (बेडकाचा शेपटीवाला नातलग) गर्भातला हाच भाग काढून दुसऱ्या गर्भाच्या पोटाकडे लावला, तर तिथे आणखी एक चेतानलिका, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यातून घडतात ती नळी, उभी राहिली. तो तुकडा पाठवतो काय, हे उलगडायला १९९० चं दशक उजाडलं. शोध हुकमाचा होता, हाती लागली मनाई उठवणारी प्रथिनं. (कोंबडीच्या गर्भात एवढ्यावर भागत नाही, एफजीएफ नावाची प्रथिनंही लागतात.)

‘एकच’? पिकलेल्या केळ्यांवरचं चिलट घ्या. त्याच्या पाठीच्या मागच्या टोकाला, ढालीसारख्या भागावर, मोजून चार जाड केस असतात आणि प्रत्येकाच्या बुडाशी एक चेतापेशी. ती घडवणाऱ्या स्क्यूट प्रथिनाला डीएनएवर बसायला डॉटरलेस हा जोडीदार लागतो. मध्येच एक्स्ट्रामॅक्रोकीटी हे तिसरं प्रथिन येतं आणि हा जोडीदारच पळवतं. त्याला डीएनए धरायचा भागच नाही, त्यामुळे जोडी जमते पण काम होत नाही. हे प्रथिन बिघडलं की जादा केस उगवतात, नाव पडलं तेही त्यावरूनच. आपल्या पेशींत हाच खेळ एस्कल-१ (स्क्यूटच्या जागी), ई-प्रथिनं (डॉटरलेसच्या जागी) आणि आयडी (जोडीदार पळवणारं) खेळतात.

आणि ‘जेवढं जास्त’ तर सपशेल चूक. उंदराच्या मेंदूतल्या मूळपेशींत (ज्यांच्यापासून चेतापेशी बनतात) एस्कल-१ वरखाली होत राहिलं तर त्या विभागत राहतात. ते चढून तिथेच टिकलं तर पेशी चेतापेशी होते आणि विभागणं थांबतं. एस्कल-१ला खाली ओढणारं हेस-१ हे प्रथिन नसेल तर चेतापेशी घाईने तयार होतात, मूळपेशींचा साठा वेळेआधी आटतो.

एक मान्य. १९९५ साली बेडकाच्या गर्भात न्यूरोडी या प्रथिनाचा आरएनए (ते बनवण्याचा निरोप) टोचल्यावर त्वचा होणाऱ्या पेशी चेतापेशी झाल्या होत्या. पण न्यूरोडीलाही ई-प्रथिनाची जोड लागतेच. टोचलं एकच, जोडीदार पेशीत आधीपासून होता.