डोलकाठीच्या तारा: ‘चकचकीत आहेत म्हणजे ठीक आहेत’ हे खरं नाही

शिडाच्या बोटीची डोलकाठी उभी राहते ती तिला धरणाऱ्या तारांवर. या तारांबद्दल बोटी बाळगणाऱ्यांत एक सल्ला फिरत असतो: “स्टेनलेसच्या तारा गंजत नाहीत. चकचकीत दिसतात तोवर हात लावू नका. आणि जरा सैलच ठेवा, बोटीच्या सांगाड्यावर ताण नको.” हे ऐकून वागलात तर डोलकाठी गमावून बसाल.

गंजत नाहीत? स्टेनलेसला वाचवतो तो क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर, आणि तो टिकायला प्राणवायू लागतो. तारेच्या टोकाला दाबून बसवलेल्या स्वेज टर्मिनलमध्ये खारं पाणी मुरतं, हवा पोचत नाही, आणि धातू आतून कुरतडला जातो. पाणी तारेवरून खाली ओघळतं, म्हणून खालची टोकं आधी जातात. कोकण-गोव्याच्या उष्ण, खाऱ्या हवेत तर लवकरच. या टोकांवर घट्ट चिकटपट्टी गुंडाळू नका, ओल आत कोंडते.

चकचकीतपणाचं म्हणाल, तर तार सहसा मधे तुटत नाही. एकोणीस धाग्यांच्या पिळातला एखादा धागा तुटतो तो टर्मिनलच्या तोंडाशी. तिथे कापसाचा बोळा फिरवा. तंतू अडकले आणि तुटका धागा सापडला, तर एकच असला तरी अख्खी तार बदलायची. टर्मिनलवर केसासारखी उभी भेग भिंगाने शोधा. चेनप्लेटचा (तार बोटीला जिथे जोडतात त्या धातूच्या पट्टीचा) डेकमधून जाणारा भाग मात्र काढल्याशिवाय दिसतच नाही.

सगळ्यात घातक सल्ला सैल ठेवण्याचा. सैल तारेला प्रत्येक लाटेवर हिसका बसतो, डोलकाठी हेलकावते, आणि खिळा वाकवून-वाकवून तुटावा तसा टर्मिनलच्या तोंडाशी धातू थकतो. ताण अंदाजाने नको, मोजून द्या. कॅप श्राउड, म्हणजे डोलकाठीच्या वरच्या भागापासून दोन्ही बाजूंना उतरणाऱ्या तारा, आधी हाताने, फक्त ढिलेपणा जाईल इतकाच ओढा. 2 मीटरची पट्टी तारेला लावा: वरचं टोक तारेला चिकटपट्टीने पक्कं, खालचं टर्मिनलच्या कडेला नुसतं टेकलेलं. आता दोन्ही बाजूंचे टर्नबकल (तार ताणायचे स्क्रू) आळीपाळीने, सारखेच फेरे आवळा. या एकोणीस धाग्यांच्या तारेत पट्टी आणि टर्मिनलमधली दर 1 मिलिमीटर फट म्हणजे तार तुटण्याच्या भाराच्या 5 टक्के ताण, तार कितीही जाड असो. मास्टहेड रिगला (पुढची तार डोलकाठीच्या शेंड्यापर्यंत जाते अशा रचनेला) 3 मिलिमीटर, म्हणजे 15 टक्के, पुरतो. 6 मिलिमीटरच्या तारेत तो सुमारे 400 किलो भरतो. धडधाकट सांगाडा एवढा भार सहज पेलतो.

मग वाऱ्यावर चढत, म्हणजे वारा येतो त्या दिशेला तिरकं जात, बोट 20 अंश कलू द्या. वाऱ्याच्या उलट बाजूची कॅप श्राउड लोंबत असेल, तर ताण अजून कमी आहे. जमलं की टर्नबकल आपोआप फिरू नयेत म्हणून त्यांत कॉटर पिना घाला. नवी तार पहिल्या काही सफरींत थोडी ताणून बसते, तेव्हा पट्टी पुन्हा लावा.