अण्णांशी भांडण अजून मिटलेलं नाही

अण्णा गेले तेव्हा मी ब्राझीलमध्ये होते. जुलै २०१७. बेलो होरिझोन्तेहून सांगलीला यायचं म्हणजे विमानं बदलत दीड-दोन दिवस, आणि तेवढा वेळ कुणी थांबत नाही. दादानं अग्नी दिला. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा त्यानं घाटावरून मला व्हिडिओ कॉल लावला. मागे कृष्णा, पुढे पिंड, आणि लांब झाडावर नुसते बसून राहिलेले कावळे. एकेक जण हात जोडून सांगत होता, "आईला आम्ही सांभाळू", "नातीचं शिक्षण पुरं करू". मग काका म्हणाले, "पोरीला बोलू दे." दादानं फोन पिंडासमोर धरला. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.

शब्द फुटला नाही त्याला कारण होतं. त्या उन्हाळ्यात मी गावी येऊन हक्कसोडपत्रावर सही करून गेले होते. आमच्याकडे सगळ्या बहिणी करतात तशी. जमिनीचा लोभ मला नव्हता आणि आजही नाही. पण अण्णांनी एका शब्दानं विचारलं नाही की, "तुला चालेल ना गं?" कागदावर बोट ठेवलं, इथे कर म्हणाले. ते मनात सलत राहिलं आणि पुढे एका रविवारी फोनवर बाहेर पडलं. "तुम्हाला मुलगी फक्त सहीपुरती लागत होती," असं म्हणून मी फोन ठेवला. आठवड्याच्या आत ते गेले.

पुढचे महिनाभर घरून, नात्यातून, शाळेच्या ग्रुपवरून एकच ऐकत होते. अण्णा देवमाणूस होते. पुण्यवान होते म्हणून झोपेत गेले. मी "हो" म्हणायचे आणि आत गुदमरायचे. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलायचं नाही हे मलाही लहानपणापासून शिकवलेलं. मग ज्या माणसाशी माझं भांडण होतं, तो गेला कुठे? त्याच्या जागी हा हार घातलेला फोटो कधी आला?

आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर सत्तरीच्या एक बाई राहायच्या. तिकडे वयस्कर बाईंच्या नावाआधी आदरानं 'दोना' लावतात. मी मनात त्यांना आजीच म्हणायचे. बातमी कळल्यावर त्या गरम पाओ दे केइजू, म्हणजे त्या भागातले चीजचे छोटे गोल पाव, घेऊन आल्या आणि विचारलं, "वडिलांनी कधी देह सोडला?" पोर्तुगीजमध्ये 'मेले' याला साधा 'मोहेउ' असा शब्द आहे. त्यांनी तो वापरला नाही. 'देझेन्कार्नोउ' म्हणाल्या, देहातून बाहेर पडले. मला आमच्या आजीचं 'देह ठेवला' आठवलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी मोठ्यानं रडले.

त्या स्पिरिटिस्ट होत्या, म्हणजे माणूस मेल्यावरही आत्मा राहतो आणि त्याच्याशी बोलणं होऊ शकतं असं मानणाऱ्या पंथातल्या. पुढच्या मंगळवारी संध्याकाळी त्या मला त्यांच्या केंद्रात घेऊन गेल्या. मला वाटलं होतं अंधार असेल, टेबलं हलत असतील. तिथे ट्यूबलाइटच्या उजेडात प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या आणि पांढरं कापड घातलेलं एक लांब टेबल. मूर्ती नाही, मेणबत्ती नाही, पुजारी नाही. एका निवृत्त शिक्षकानं अर्धा तास क्षमेवर भाषण केलं. नंतर एकेकाला शेजारच्या खोलीत बसवून, अंगाला हात न लावता डोक्यावरून हात फिरवत प्रार्थना केली. त्याला 'पासे' म्हणतात. निघताना छोट्या पेल्यात घोटभर पाणी दिलं. पैशाची पेटी कुठे दिसते का ते मी बघत होते. नव्हती. मागच्या अंगणात गरीब गरोदर बायकांना देण्यासाठी झबली-दुपट्यांची गाठोडी बांधणं चाललं होतं. भिंतीवर एकच वाक्य होतं: 'परोपकारावाचून तरणोपाय नाही.'

मी घरी येऊन वाचायला लागले. हा पंथ मूळ ब्राझीलचा नाही, फ्रान्सचा आहे. १८५०च्या दशकात पॅरिसच्या दिवाणखान्यांत टेबलं फिरवून मृतांशी बोलण्याचं वेड पसरलं होतं. अमेरिकेत १८४८ साली फॉक्स बहिणींच्या घरातल्या ठकठक आवाजांपासून ते सुरू झालं होतं. (त्यांतल्या मार्गारेटनं १८८८ साली तो बनाव असल्याचं जाहीर सांगितलं आणि पुढे ते विधान मागेही घेतलं. हे लपवण्यात अर्थ नाही.) ल्योंमध्ये १८०४ साली जन्मलेले रिव्हाय नावाचे एक शिक्षक या बैठकांना जाऊ लागले. व्याकरणाची, गणिताची क्रमिक पुस्तकं लिहिणारा हा माणूस. तो तिथे प्रश्नांच्या याद्या घेऊन बसायचा, वेगवेगळ्या माध्यमांकडून, म्हणजे ज्यांच्यामार्फत आत्मे बोलतात असं मानतात त्या माणसांकडून, आलेली उत्तरं ताडून बघायचा. १८ एप्रिल १८५७ला 'आत्म्यांचं पुस्तक' निघालं, अलन कार्देक या टोपणनावानं. १८६०च्या वाढवलेल्या आवृत्तीत १०१९ प्रश्नोत्तरं आहेत. १८६१ साली बार्सिलोनात बिशपच्या हुकमानं त्यांच्या पंथाची ३०० पुस्तकं जाहीरपणे जाळली गेली. पुढे हा विचार समुद्रापार जाऊन ब्राझीलमध्ये असा रुजला की २०१०च्या जनगणनेत तिथल्या सुमारे ३८ लाख लोकांनी आपला धर्म स्पिरिटिस्ट असा सांगितला. त्याच ब्राझीलच्या १८९०च्या दंडसंहितेत तो गुन्हा होता.

आपल्या माणसाला यातलं बरंच ओळखीचं वाटेल. पुनर्जन्म आहे, कर्माचं फळ आहे. आत्मा आणि शरीर यांच्यामध्ये 'पेरिस्पिरिट' नावाचं आवरण मानतात. फळातल्या बीजाभोवती असतो तसा वेढा, अशी कार्देक यांची उपमा आहे. आपला लिंगदेह म्हणा. पण एका ठिकाणी वाट वेगळी होते. त्यांच्याकडे चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा नाही. माणूस झालेला आत्मा परत कुत्र्या-मांजरात जात नाही. तो एका जागी रेंगाळेल, पण खाली घसरणार नाही. कायमचा नरकही नाही. कितीही वाईट वागलेला असो, त्याला पुढे येण्याची वाट बंद होत नाही.

मला मात्र धरून ठेवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. मेल्यानं माणूस शहाणा होत नाही, असं ते सांगतात. प्राण जाताना फारसं दुखत नाही, शरीर त्याआधीच जास्त सोसून झालेलं असतं. पण नंतर काही काळ गोंधळ असतो, झोपेतून अर्धवट उठल्यासारखा. कुणाला तासांचा, कुणाला वर्षांचा. आपण मेलोय हेच कुणाकुणाला कळत नाही. आणि जाग आल्यावर तो माणूस तोच असतो. हट्टी असेल तर हट्टी. मुलीला विचारायला हवं होतं हे ज्याला इथे कळलं नाही, त्याला तिथे गेल्याबरोबर कळत नाही. त्याला ते शिकावं लागतं, आणि शिकायला वेळ असतो.

हे वाचलं त्या रात्री मी झोपले नाही. अण्णा मला परत मिळाले होते. फोटोतले देवमाणूस नव्हेत. बोट ठेवून "इथे कर" म्हणणारे, आणि मला सातवीत टायफॉइड झाला तेव्हा रात्रभर कपाळावर पट्ट्या बदलणारे. तेच, अर्धवट, चुकलेले. आणि मीही चुकलेलीच. दोघांनाही अजून शिकायचं आहे, म्हणजे भांडण अजून चालू आहे, म्हणजे ते मिटूही शकतं.

मग साहजिकच माझ्या मनात आलं, पत्र मिळेल का? ब्राझीलमध्ये मृतांची पत्रं म्हटलं की एकच नाव, शिको शाविएर. १९१० साली पेद्रो लेओपोल्दो या गावात जन्म. पाच वर्षांचे असताना आई गेली. शिक्षण प्राथमिक शाळेपुरतं. सरकारी शेतीखात्यात कारकुनी केली. डोळ्यांवर हात धरून, भराभर पेन्सिल चालवत त्यांनी चारशेहून जास्त पुस्तकं लिहिली आणि म्हणाले, यातलं एकही माझं नाही, आत्म्यांनी सांगितलं ते उतरवलं. सगळ्या पुस्तकांचे हक्क संस्थांना देऊन टाकले आणि स्वतः पगारावर, पेन्शनवर राहिले. १९४४ साली एका दिवंगत लेखकाच्या पत्नीनं दावा लावला की, माझ्या नवऱ्याच्या नावानं जे छापताय ते खरंच त्याचं असेल तर मानधन मला द्या. कोर्ट म्हणालं, मेलेल्या माणसाला हक्क उरत नाहीत. पुढे उबेराबा शहरात मुलं गमावलेल्या आया त्यांच्या दारात रांगा लावत. काहींना मुलाच्या लाडक्या नावांसकट पत्र मिळे, पुष्कळ जणी रिकाम्या हातानं परत जात. १९७९ साली गोइयानियाच्या न्यायाधीशांनी, मित्राच्या हातून गोळी सुटून मेलेल्या तरुणाचं असं एक पत्र विचारात घेऊन त्या मित्राला निर्दोष सोडलं. असा पुरावा कोर्टानं घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. तरीही त्या मित्राची आई त्या दिवशी कशी जेवली असेल याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

शिको यांचं इच्छेचं बोलणं तिकडे सगळ्यांना ठाऊक आहे. ब्राझीलचे लोक आनंदात असतील अशा दिवशी आपण जावं, म्हणजे कुणी रडणार नाही. ३० जून २००२ला ते गेले. त्या दिवशी ब्राझीलनं फुटबॉलचा विश्वचषक जिंकला होता.

पेद्रो लेओपोल्दो आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर. त्यांचं जुनं घर लोकांना बघायला ठेवलंय, तिथे मी आजींबरोबर गेले. परतताना धीर करून विचारलं, कुणाकडून अण्णांचं पत्र मिळवता येईल का? त्या म्हणाल्या, "शिको सांगायचे, हा फोन तिकडून इकडे वाजतो. इकडून लावता येत नाही." आणि गाडी येईपर्यंत माझा हात धरून उभ्या राहिल्या.

त्या वाक्याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी आहे. आपल्याकडे हा विषय निघाला की प्लँचेट आठवतं. होस्टेलवर मीही वाटीवर बोट ठेवून बसले आहे. परीक्षेत किती मार्क पडतील, हे आम्ही मेलेल्यांना विचारायचो. कार्देक यांनी माध्यमांवरच्या पुस्तकात बजावलंय की, पोरखेळ म्हणून बोलावलंत तर पोरखेळ करणारेच येतील. आणि पैसे घेऊन मृतांना बोलावतो म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहा. यात माझी भर एवढीच की, पैसे न घेणाऱ्यालाही आंधळेपणानं शरण जाऊ नका. आत्मे माझ्यातून रोग बरे करतात म्हणणाऱ्या अबादियानियाच्या जुआंव दे देउस यांना डिसेंबर २०१८मध्ये अटक झाली, पुढच्या वर्षी बलात्कारांबद्दल शिक्षा झाली. शेकडो बायकांनी तक्रारी केल्या होत्या. दुःखानं माणूस हळवा होतो, आणि हळव्या माणसाची राखण करणं हे श्रद्धेचं पहिलं काम असायला हवं.

आणखी एक गोष्ट मी आजींच्या तोंडावर बोलले होते, ती इथेही लिहिते. केंद्रात एकदा वक्ते म्हणाले की जन्मतः अपंग मूल म्हणजे मागच्या जन्माची परतफेड. माझ्या मावसबहिणीचा मुलगा जन्मापासून चालू शकत नाही. आपल्याकडेही "मागच्या जन्माचं काहीतरी असेल" असं तिला लग्नाकार्यात ऐकवतात, आणि ती ताट तसंच ठेवून उठते. आत्महत्या केलेल्यांच्या परलोकातल्या हालांची जी वर्णनं तिकडे वाचली, तीही मला सहन झाली नाहीत. ज्याच्या घरात हे घडलंय त्यानं ती वाचून जगायचं कसं? ज्या विचारानं मला जिवंत केलं तोच कुणाला असा मारत असेल, तर तेवढा भाग मी घेत नाही. आजी रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मग तू त्या मुलाला घेऊन बागेत जा. तेवढं हिशेबाबाहेरचं."

मृत्यूनंतर काय आहे याचा पुरावा माझ्याकडे नाही. माझा विश्वास आहे, आणि तो कुणावर लादायचा नाही. अंधश्रद्धेविरुद्ध काम करणारे माझे मित्र ही पोस्ट वाचून खवळतील, त्यांच्याशी मी आनंदानं वाद घालेन. मला एवढंच म्हणायचं आहे की, आपण मेलेल्यांना फार लवकर देव करतो. देव केलं की हात जोडायचे तेवढे उरतात, बोलणं संपतं. ज्यांचं बोलणं अर्धवट राहिलंय, त्यांनी ते सुरू ठेवावं. रागही सांगावा. मृतांच्या दिवसाला आत्म्यांच्या लेखी काही विशेष महत्त्व असतं का, असा एक प्रश्न कार्देक यांच्या पुस्तकात आहे. उत्तर असं की, मनापासून आठवण काढली की ते येतात, त्या दिवशी आणि इतर दिवशीही.

ब्राझीलमध्ये आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी घरी बसून थोडं वाचायचं, थोडी प्रार्थना करायची अशी रीत आहे. परत आल्यावर मी मंगळवारी रात्री बसते. ज्ञानेश्वरीच्या दोन ओव्या वाचते आणि अण्णांशी बोलते. कधी दहा मिनिटं, कधी नुसतीच गप्प.

गेल्या पितृपक्षात अण्णांच्या तिथीला सांगलीत होते. वहिनीनं खीर, उडदाचे वडे, अळूची भाजी केली होती. वाडी ठेवायला मी गच्चीवर गेले. या वेळी बोलता आलं. म्हटलं, अण्णा, सही मी केली ती केली. पण तुम्ही विचारायला हवं होतंत. आणि मी फोनवर बोलले ते खरं नव्हतं, मलाही ते तेव्हाच माहीत होतं.

कावळा आला की नाही ते बघत थांबले नाही. खाली दादा ताटावर खोळंबला होता.